अप्पांनी चाखलेलं पाणी

बिराजदार अप्पांनी समुद्र पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी त्यांच्या शेजारी उभा होतो. रत्नागिरीतला मांडवीचा धक्का, दिवस मावळायची वेळ, माणसं वाऱ्याला येऊन बसलेली. अप्पांनी चपला काढून हातात घेतल्या, पायऱ्या उतरून खाली गेले, पाण्यात दोन बोटं बुडवली आणि जिभेला लावली. मग थुंकले. वर येऊन म्हणाले, "हदगावकर, एवढं मोठं पाणी, आन् एक तांब्या कामाचं न्हाई. समदं नासवून ठिवलंय बघा."

समुद्र नासवणारा कोणी सरकारी कर्मचारी असावा आणि त्याच्यावर कारवाई व्हायला हवी, असा त्यांचा सूर होता.

मी नांदेड जिल्ह्यातल्या हदगावचा. रत्नागिरीला पाणीपुरवठा खात्यात कारकून म्हणून लागलो होतो. त्या काळी नोकरी कुठं लागली हे विचारायची सोय नव्हती. लागली ना, मग पेटी उचलायची. माझ्यानंतर दीड वर्षानं अप्पा आमच्या ऑफिसात ओव्हरसियर म्हणून आले. ते निलंग्याकडचे. एवढ्या मोठ्या ऑफिसात 'लई' म्हटल्यावर न हसणारी आम्ही दोनच माणसं, त्यामुळे पहिल्याच आठवड्यात आम्ही एका खोलीत राहायला लागलो. त्यांनी मला नावानं कधी हाक मारली नाही. पहिल्या दिवशी 'हदगावकर' म्हणाले, ते शेवटपर्यंत.

आता निवृत्त होऊन नांदेडला बसलो आहे. गुडघे कुरकुरतात, नळाला दिवसाआड पाणी येतं, आणि पाणी भरून झालं की सून जुनं उरलेलं मोरीत ओतून देते. ती ओतते तेव्हा मला अप्पा आठवतात. मी तिला काही बोलत नाही. बोलून दमलो आहे.

अप्पा उंच, हाडकुळे, डोक्यावर पांढरी टोपी, गळ्यात चांदीच्या डबीत लिंग. सकाळी पूजा झाल्याशिवाय पाण्याचा थेंब घ्यायचे नाहीत. मी बौद्ध. आमच्या आजोबांच्या काळात आमच्या दोघांच्याही गावांत पाणवठे वेगळे होते, हे दोघांना ठाऊक होतं आणि ते दोघांनीही कधी काढलं नाही. पण पहिल्या दिवशी मी मुद्दाम माझा वेगळा माठ विकत आणला. उगाच कोणाला अवघडायला नको. अप्पांनी दोन माठांकडं पाहिलं आणि म्हणाले, "दोन कशापायी? दोन माठ म्हंजे दोन्हीकडनं पाझर. तेवढं पाणी फुकट गेलं." आणि माझा माठ उचलून त्यांनी अंगणात नेला, त्यात माती भरली आणि मिरचीचं रोप लावलं. मोठ्या मोठ्या गोष्टी मी पुढं पुष्कळ ऐकल्या, पण माझ्या मनाला एवढा गारवा कुठल्याच भाषणानं दिला नाही.

त्या मिरचीला पाणी मिळायचं ते आम्ही हात धुतलेलं. अप्पा हात धुताना खाली वाडगा धरायचे. अर्ध्या बादलीत अंघोळ करायचे आणि त्याच पाण्यात बनियन धुऊन काढायचे. घरमालकीण काकू रोज सकाळी घरातल्या कळश्या अंगणात पालथ्या करून विहिरीचं ताजं पाणी भरायच्या. पहिल्याच सकाळी अप्पा "अवो सांडू नका, सांडू नका!" म्हणत अंगावर पंचा घेऊन धावले. काकू घाबरल्या, मग चिडल्या.

"शिळं पाणी प्यायचं होय? विहीर काय पळून जातेय?"

"जाती की, काकू," अप्पा म्हणाले. "आमची गेली हाय."

काकूंना तो विनोद वाटला. तो नव्हता.

शाकाहारी माणसाला रत्नागिरी म्हणजे शिक्षाच. सकाळच्या एसटीत मिरकरवाड्याहून मासळीच्या टोपल्या घेतलेल्या बाया चढायच्या. अप्पा नाकाला पंचा लावून ड्रायव्हरच्या पाठीमागं बसायचे आणि उतरल्यावर पंचा झटकायचे. माझं मासे खाणं त्यांनी मान्य केलं होतं, अट एवढीच की खाणावळीत खायचं आणि बडीशेप चघळून घरी यायचं. एकदा राजिवड्यात मुसलमान मंडळी गप्पा मारत बसलेली दिसली तेव्हा अप्पांचा चेहरा उजळला. आपल्याकडची भाषा मिळाली! पुढं होऊन मोठ्या आपुलकीनं म्हणाले, "क्या जी, पानी कित्ते दिनां को आता इधर?" त्यांनी उत्तर दिलं ते चोख कोकणीत. अप्पांना एक शब्द कळला नाही. परतताना मला म्हणाले, "हितं कुनीच आपलं न्हाई, हदगावकर." ते हसत म्हणाले, पण ते खरंच तसं होतं.

कामात मात्र माणूस पक्का. बहात्तरच्या दुष्काळात ते निलंगा, औसा भागात विहिरी खोल करण्याच्या कामावर होते. आपण खोल केलेल्या विहिरीला पाणी लागलं नाही असं एकदाही झालं नाही, हे ते दर महिन्याला एकदा तरी सांगायचे. त्यांचं पालुपद ठरलेलं: "पाणी हाय, पण खोल हाय." फाइल सापडत नसली की तेच. साहेब बदलीच्या अर्जावर सही करत नसले की तेच. मी उदास बसलो की माझ्याकडं बघून तेच.

बदलीचा अर्ज ते दर वर्षी करायचे. गावी बायको, म्हातारी आई आणि एक मुलगी. बायकोचं नाव महादेवी, माहेर बिदरकडचं. तिला लिहिता येत नव्हतं, म्हणून पत्र मुलगी लिहायची. घरच्या विहिरीनं तळ गाठला होता. महादेवीबाई शेजारच्या शिवारातल्या विहिरीवरून पाणी आणायच्या, येऊन-जाऊन दोन तास, दिवसाला तीन खेपा. मुलगी हे सगळं अभ्यासाच्या वहीसारखं नीट लिहायची आणि शेवटी 'आई म्हणते कधी येता' एवढंच. अप्पा पत्र वाचून टोपीत ठेवायचे आणि टोपी घालून ऑफिसला जायचे.

मग बातमी आली की लातूर वेगळा जिल्हा होणार. आमच्या ऑफिसात कोणाला त्याचं काही नव्हतं, पण अप्पांनी अख्ख्या ऑफिसाला पेढे वाटले. नवा जिल्हा म्हणजे नवी कार्यालयं, नव्या जागा. आणि जे तिकडचे आहेत त्यांना तिकडं जायचा विकल्प. विकल्पाचा अर्ज मीच भरून दिला. पत्त्याच्या रकान्यात मी खोलीचा पत्ता लिहायला लागलो तर त्यांनी हात धरला.

"गावाकडचा ल्ह्या. हितं कोन ऱ्हातंय आता?"

त्या उन्हाळ्यात उंडीवाडीचं काम निघालं. भाट्याचा पूल ओलांडून सुरूच्या बनाच्याही पुढं, माडांच्या सावलीत पन्नासेक घरांची खारव्यांची, म्हणजे मासे मारणाऱ्यांची वस्ती. इतका पाऊस पडणाऱ्या मुलखात मे महिन्यात लोक पाण्याला महाग असतात, हे मला तिथं कळलं. वाडीची एकच विहीर, जांभ्या दगडानं बांधलेली, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. तळाशी दोन हात पाणी. बाया कळशीला दोर बांधून खरवडून काढायच्या. हिशेब ठेवायला म्हणून मी अप्पांबरोबर गेलो होतो.

अप्पांनी विहिरीत डोकावून पाहिलं आणि त्यांच्या अंगात बळ आलं. दोन वर्षांत पहिल्यांदाच त्यांना कळणारी गोष्ट समोर आली होती. पाच हात खोल करायची, म्हणाले. जमलेल्या बायांत जनाबाई म्हणून एक वयस्क बाई होती, नवऱ्याची होडी बुडाल्यापासून सुकी मासळी विकून राहणारी. ती पुढं आली.

"खोल नको करूस रे बाबा. आमचे म्हातारे काय येडे नव्हते. ते इथंच थांबले ना?"

"आजी," अप्पा हसून म्हणाले, "पाणी हाय, पण खोल हाय."

साहेबांनी मंजुरी दिली. तळाचा कातळ फोडला, इंजीन लावून उपसा केला, आणि आठव्या दिवशी खालून पाण्याची धार उसळली. वाडीनं नारळ फोडला, अप्पांच्या गळ्यात हार घातला. त्यांनी तो हार काढून विहिरीच्या काठावर ठेवला आणि घरी सविस्तर पत्र लिहिलं. मला वाचून दाखवलं. त्यात आपल्याही विहिरीचं बघतो, आता येतोच आहे, असं होतं.

पंधरा-वीस दिवसांनी जनाबाई ऑफिसात आली. एसटीनं, कडेवर पाण्यानं भरलेली कळशी घेऊन. शिपाई अडवत होता, तिनं ऐकलं नाही. अप्पांच्या टेबलावर कागदांवरच कळशी ठेवली आणि म्हणाली, "पी."

अप्पांनी ओंजळ पुढं केली. तिनं ओतलं. ते प्यायले, आणि त्यांचा चेहरा मांडवीच्या धक्क्यावर झाला होता तसा झाला. पण या वेळी ते थुंकले नाहीत. गिळलं.

"चार दिवस डाळ शिजत नाय," जनाबाई म्हणाली. "पेज पण मिठाशिवाय खारट. उपसली तेवढी जास्त खारी होतेय. मी सांगितलं होतं." ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

आमच्याकडं खाली जावं तसं पाणी गोड लागतं. समुद्राकाठी गोडं पाणी वरच्या वर असतं, आणि त्याच्या खाली समुद्रच असतो. हे त्या वाडीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. लातूरच्या काळ्या कातळात विहिरी खोदणाऱ्या माणसाला ते कोण सांगणार? जनाबाईनं सांगितलं होतं, पण ती शिकलेली नव्हती आणि अप्पांना दुष्काळ पाठ होता.

त्याच महिन्यात लातूरची ऑर्डर आली. पंधरा दिवसांत हजर व्हायचं. ऑर्डर माझ्याच हातून गेली, मी ती नाचवत अप्पांकडं नेली. त्यांनी वाचली, घडी केली, टोपीत ठेवली. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "हदगावकर, नकाराचा कागद टाइप करा."

मी चिडलो. वयाचा मान वगैरे सगळं बाजूला ठेवून चिडलो. "अप्पा, हे काय करून राहिले तुम्ही? साहेब स्वतः म्हणतात जा म्हणून. मंजुरी त्यांची होती, तुम्हाला कोणी विचारणार न्हाई. ही जागा गेली तर परत कधी?"

"हाव, कुनी इचारनार न्हाई," ते म्हणाले. "म्हनून तर जाता येईना."

"आणि तिकडं वैनी तीन-तीन खेपा करून राहिल्या, त्यांचं काय?"

"तिचं पाणी लांब हाय," अप्पा म्हणाले, "पर गोड हाय. त्येच्यात मी काय कालवलं न्हाई."

मी कागद टाइप केला. कारण लिहावं लागतं. 'कौटुंबिक अडचणीमुळे सध्या हजर होणे शक्य नाही.' टाइप करताना मला लाज वाटली, कारण त्यांची कौटुंबिक अडचण जिथं होती तिथं जायलाच ते नाही म्हणत होते. अप्पांनी सही केली. घरी त्यांनी कळवलं की ऑर्डर अजून निघालेली नाही. ते पत्र त्यांनी मला वाचून दाखवलं नाही, टपालात मात्र मीच टाकलं.

पुढची दोन वर्षं अप्पांनी उंडीवाडीत काढली म्हटलं तरी चालेल. खोदलेले पाच हात त्यांनी परत बुजवायला काढले. सरकारात खोदायला मंजुरी मिळते, बुजवायला मिळत नाही. मग रविवारी जाऊन वाडीतल्या गड्यांबरोबर स्वतः चिकणमाती वाहिली, दगड टाकले, धुमसानं ठोकून घेतलं. आता उपदेश करत नव्हते, विचारत होते. म्हाताऱ्यांना, होडीवाल्यांना, जनाबाईला. उपसा किती करायचा, भरतीला की ओहोटीला, सगळं त्यांनी त्या लोकांकडून शिकून घेतलं. तोवर वाडीला टेकडीवरच्या दुसऱ्या वाडीच्या विहिरीवरून पाणी आणावं लागायचं. अप्पा रविवारी पोचले की आधी जनाबाईच्या दोन कळश्या टेकडीवरून आणून द्यायचे. बाया तोंडाला पदर लावून हसायच्या, साहेब पाणी भरतोय म्हणून. अप्पा खाली मान घालून चालायचे.

आणि मग विहिरीतलं पाणी चाखायचे. दोन बोटं, जिभेला. दर रविवारी. चाखून झालं की बायांकडं बघून मान हलवायचे, आणि बाया टेकडीकडं वळायच्या. पहिला पावसाळा गेला, पाणी थोडं निवळलं, मार्चात पुन्हा खारं झालं. त्या दिवशी परतताना अप्पा पुलावर बसून राहिले. शेवटची एसटी जाईल म्हणून मी घाई करत होतो. "हदगावकर," ते म्हणाले, "मला लई थकवा आलाय." त्यांच्या तोंडून असलं वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. ते पालुपदही त्यांनी सोडलं होतं. 'खोल हाय' हा शब्द मी त्यांच्या तोंडून नंतर ऐकला नाही.

दुसऱ्या वर्षीच्या मे महिन्यात, ऐन कडाक्यात, जनाबाई परत ऑफिसात आली. या वेळी शिपायानं अडवलं नाही. तिच्या हातात पितळी डबा होता. तिनं तो टेबलावर ठेवला, झाकण काढलं. आत तुरीची डाळ होती, हळद घातलेली, मऊ शिजून एकजीव झालेली.

"नवं मडकं आणून त्यात केली," ती म्हणाली. "मासळीचा हात लावला नाय. खा."

पूजेशिवाय पाणी न घेणाऱ्या, मासळीच्या वासानं नाकाला पंचा लावणाऱ्या त्या माणसानं सगळ्या ऑफिसासमोर बोटांनी ती डाळ खाल्ली. डबा पुसून खाल्ला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्यांनी ते पुसलं नाही. माझ्याही वाहत होतं, मी रजिस्टरमागं तोंड लपवलं.

त्यानंतर मला नांदेडची बदली मिळाली. अप्पांना नाही. एकदा नाकारलेल्या माणसाचं नाव यादीच्या तळाशी जातं आणि तिथंच राहतं. ते लातूरला पोचले ते सहा वर्षांनी, निवृत्तीला थोडेच महिने उरले असताना. मधल्या काळात आई गेली, मुलीचं लग्न झालं. दोन्हींना ते रजा काढून गेले आणि रजा संपली म्हणून परत आले.

शेवटची भेट त्यांच्या गावी झाली. मी कामानं निलंग्याला गेलो होतो. त्या वर्षी पुन्हा पाऊस नव्हता. अप्पा गावात गेले होते, घरी महादेवीवैनी एकट्याच. त्यांनी बसायला घोंगडी टाकली, पाणी दिलं. खाली वाकल्या तेव्हा डोक्यावरचा पदर सरकला, आणि मला त्यांच्या डोक्याच्या मधोमध रुपयाहून मोठी केस नसलेली जागा दिसली. तिथं चुंबळ बसते आणि चुंबळीवर घागर. मी नजर वळवली. त्यांनी सावकाश पदर सारखा केला.

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "वैनी, अप्पांची ऑर्डर लवकर निघाली असती तर..."

"निघाली व्हती की," त्या म्हणाल्या. "हितं आलता कागद. अर्जावर पत्ता हितलाच व्हता न्हवं? पोरीनं वाचून दावला. पंधरा दिवस रोज सांजच्याला यस्टीकडं बघत बसले. मग त्येंचं पत्र आलं, ऑर्डर निघाली न्हाई म्हनून."

ते पत्र मीच टपालात टाकलं होतं. "तुम्ही कधी विचारलं न्हाई?"

"काय तर असंल त्येंचं. खोटं बोलायची सवय न्हाई त्या मानसाला, बोलले म्हंजी मोठंच काय असंल." त्यांनी हात झटकला. "होगली बिडी. जाऊ द्या. मला ठावं हाय हे त्येंना सांगू नका."

मी उंडीवाडीचं तोंडाशी आलेलं सगळं गिळलं. सांगायचा हक्क माझा नव्हता.

तेवढ्यात गावात टँकर आल्याचा गलका झाला. वैनी घागर आणि चुंबळ घेऊन उठल्या, मीही मागं गेलो. टँकर गावच्या आडात पाणी सोडत होता आणि बाया त्यातून शेंदून घेत होत्या. अप्पा तिथंच उभे होते. म्हातारे झाले होते, टोपी तीच. मला पाहून म्हणाले, "आलात का, हदगावकर," जणू मी कालच गेलो होतो. वैनींनी घागर शेंदून वर घेतली. अप्पांनी तिच्यात दोन बोटं बुडवली आणि जिभेला लावली.

बाया हसल्या. तिथं समुद्र म्हणजे दीड दिवसाच्या रस्त्यावर. एक म्हणाली, "अप्पा रोज चाखत्यात. काय लागतंय काय की."

"गोड हाय," अप्पा म्हणाले.

वैनींनी चुंबळ डोक्यावर ठेवायला हात वर केले. अप्पांनी ती त्यांच्या हातातून काढून घेतली, स्वतःच्या टोपीवर ठेवली, आणि गुडघे वाकवून मला म्हणाले, "उचलू लागा." मी आणि एका बाईनं घागर त्यांच्या डोक्यावर चढवली. आमच्याकडं पुरुष डोक्यावर घागर घेत नाहीत. बायांचं हसू थांबलं. अप्पा मान ताठ ठेवून, टाचा दाबत, घराच्या वाटेला लागले. थेंबही सांडत नव्हता.

वैनी चार पावलं मागून चालल्या होत्या. दोन्ही हात मोकळे. ते कुठं ठेवायचे हे त्यांना कळत नव्हतं. आधी पदराला लावले, मग सोडले, मग पुन्हा पदराला लावले.